विकतचें पुनर्यौवन

शब्दाचें सामर्थ्य पुष्कळदां त्याच्या अर्थापेक्षां त्याच्या नादांत असतें, ही गोष्ट कवींस जितकी ठाऊक तितकीच व्यापाऱ्यांसही ठाऊक आहे. 'अंडाशयाचें पुनर्यौवन' हा असाच एक नादमधुर शब्द सध्यां आमच्या प्रांतांत फिरूं लागला आहे. मोठमोठ्या शहरांतील वंध्यत्वोपचार केंद्रांच्या जाहिराती पूर्वीं वर्तमानपत्रांतून येत. आतां त्या प्रत्येकाच्या हातांतील मोबाइलवर येतात, आणि वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा या तालुक्यांतील खेड्यांत, जेथें साधा स्त्रीरोगतज्ज्ञ गांठावयाचा म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, तेथेंही पोहोंचतात. ज्या स्त्रीचे अंडाशय थकले आहेत, ज्यांतील बीजें संपत आलीं आहेत, तिचे ते अंडाशय आम्ही पुन्हां तरुण करून देऊं, असा त्या शब्दाचा आशय. हें वचन खरें आहे काय, आणि तें खरें ठरण्यापूर्वींच पैसे घेऊन विकण्याचा अधिकार कोणास आहे काय, या दोनच प्रश्नांचा आम्हांस येथें विचार करावयाचा आहे.

वाङ्मयाच्या मासिकांत हा विषय कशास, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें: वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखरानें आपल्या काव्यमीमांसेंत काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह लाविला तो याच नगरांत. शब्द आणि अर्थ यांचें लग्न ज्या गांवीं लागलें, त्या गांवीं शब्दानें अर्थास सोडचिठ्ठी दिलेली पाहून स्वस्थ बसणें आम्हांस तरी जमत नाहीं.

प्रथम कृति काय ती पाहूं. स्त्रीच्या दंडांतून थोडें रक्त काढितात. तें यंत्रांत गरगरां फिरवून त्यांतील तांबड्या पेशी वेगळ्या करितात, व उरलेल्या पिवळसर द्रवांत प्लेटलेट्स दाट होतील असें करितात. (डेंग्यूच्या साथींच्या कृपेनें हा शब्द आतां खेड्यांतील म्हाताऱ्यांसही पाठ झाला आहे.) हा दाट केलेला प्लाझ्मा मग सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत लांब सुईनें अंडाशयांत टोंचितात. प्लेटलेट्समध्यें जखम भरून आणण्यास साहाय्य करणारीं द्रव्यें असतात हें खरें. गुडघ्यांत, खांद्यांत, टक्कल पडलेल्या डोक्यांतही हाच प्लाझ्मा टोंचण्याची चाल आहे. तेव्हां तो अंडाशयांत घातल्यास तेथें निजलेलीं बीजें जागीं होतील, असा तर्क. 2016 मध्यें ग्रीसमधील पँटॉस व त्यांचे सहकारी यांनीं अवघ्या 8 स्त्रियांवरील अनुभव एका परिषदेंत मांडिला, आणि तेथून हा तर्क जगभर पसरला. तर्क करण्यास आमची हरकत नाहीं. तर्कावांचून शास्त्र पाऊलभर पुढें जात नाहीं. हरकत आहे ती तर्काबरोबरच पावतीपुस्तक छापून तयार असण्यास.

निसर्गाचा हिशेब या बाबतींत फार कठोर आहे. मुलगी जन्मते तेव्हां तिच्या अंडाशयांत सुमारें 10 ते 20 लाख बीजें असतात. न्हाण येईपर्यंत त्यांतील 3-4 लाख उरतात. आणि साऱ्या आयुष्यांत पक्व होऊन बाहेर पडतात तीं अवघीं 400-500. बाकीचीं मुकाट्यानें विरून जातात. या भांडारांत भर पडत नाहीं, तें केवळ खर्च होत जातें, हा सिद्धांत झुकरमन यांनीं 1951 मध्यें मांडिला. 2004 मध्यें अमेरिकेंतील टिली यांच्या प्रयोगशाळेनें उंदरांच्या अंडाशयांत नवीं बीजें उत्पन्न होतात असा उलट दावा केला, व त्यावर पुष्कळ वाद माजला. परंतु मनुष्यजातीच्या स्त्रीच्या रित्या अंडाशयांत या टोंचणीनें नवीं बीजें निर्माण होतात, असें आजपर्यंत कोणींही सिद्ध केलेलें नाहीं. फार झालें तर उरल्यासुरल्या बीजांपैकीं कांहीं हलवून जागीं करितां येतील, एवढीच आशा. कणगीच्या तळाशीं राहिलेले दाणे झाडून काढण्यास आमचा कुणबी 'नवें पीक' म्हणत नाहीं. मग डॉक्टरानें त्यास 'पुनर्यौवन' कां म्हणावें?

आतां पुराव्याकडे वळूं. 2020 मध्यें तुर्कस्तानांतून एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. अकालीं अंडाशय निकामी झालेल्या 311 स्त्रियांस ही टोंचणी दिली होती. त्यांपैकीं 23 जणींस, म्हणजे शेंकडा 7.4 इतक्यांस, पुढें आपोआप दिवस राहिले. आंकडा वाचून कोणासही आनंद होईल. पण या व्याधीच्या स्त्रियांपैकीं शेंकडा 5 ते 10 जणींस कोणताही उपचार न करितां केव्हां ना केव्हां दिवस राहतात, ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत फार पूर्वींपासून नमूद आहे. अंडाशय एकदम विझत नाहीं. तेल संपत आलेल्या दिव्याप्रमाणें तो मधूनच फडफडतो. त्या फडफडीच्या वेळीं जो कोणी जवळ उभा असेल, त्यास आपण वात सारली असें वाटणें साहजिक आहे.

आमच्याकडे विहीर खणण्यापूर्वीं अथवा बोअर घेण्यापूर्वीं पाणाड्यास बोलाविण्याची चाल अद्यापि आहे. तो तळहातावर नारळ घेऊन शेतांतून फिरतो, नारळ उभा राहिला कीं तेथें खूण करितो, आणि दक्षिणा घेऊन जातो. पाणी लागलें तर त्याची कीर्ति दहा गांवीं पसरते. न लागलें तर शेतकऱ्याचें नशीब फुटकें. नारळावांचून खणलेल्या किती बोअरांस पाणी लागतें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, आणि पाणाड्याच्या विद्येचें सारें रहस्य एवढ्यांतच आहे. शास्त्रांत हा प्रश्न विचारण्याची एक ठरलेली रीति आहे: सारख्या स्थितींतील स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे, एकास उपचार द्यावा, दुसऱ्यास देऊं नये, आणि मग दोहोंचा हिशेब मांडावा. अशी एक कसोटी 2024 मध्यें प्रसिद्ध झाली. अंडाशय अगदीं निकामी न झालेल्या, परंतु बीजें फार थोडीं देणाऱ्या 83 स्त्रिया तींत होत्या. टोंचणी घेतलेल्या व न घेतलेल्या स्त्रियांत पक्व बीजांच्या संख्येचा फरक आढळला नाहीं. विशेष हें कीं, तुर्कस्तानच्या अहवालाशीं ज्यांचा संबंध होता अशांपैकीं कांहीं संशोधक याही कसोटीचे कर्ते होते. आपला नारळ आपणच तपासून पाहणाऱ्या या मंडळीस आम्ही मनापासून धन्यवाद देतों; दुःख एवढेंच कीं जाहिरात लिहिणारांनीं पहिला अहवाल वाचला, दुसरा वाचलेला दिसत नाहीं. मानवी प्रजननशास्त्राच्या युरोपीय संस्थेनें तर 2023 मध्येंच अशा जोडउपचारांची छाननी करून, अंडाशयांत प्लाझ्मा टोंचण्याची शिफारस करितां येत नाहीं, असें स्वच्छ लिहिलें होतें.

हा खेळ कांहीं नवा नाहीं. 1889 मध्यें पॅरिस येथें ब्राऊन-सेकार या 72 वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञानें जनावरांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोंचून आपणांस नवें बळ आल्याचें विद्वत्सभेंत जाहीर केलें. पुढें व्हिएन्नाचे स्टायनाख निघाले. त्यांच्या नांवाची शस्त्रक्रिया 1934 मध्यें कवि येट्स यानेंही करून घेतली. व्होरोनॉफ यांनीं 1920 पासून माकडांच्या वृषणांच्या चकत्या धनिक वृद्धांत बसविल्या, आणि पुढें माकडिणींचे अंडाशय स्त्रियांतही बसवून पाहिले. आमच्याकडे 1938 मध्यें पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासारख्या थोर पुरुषानें कायाकल्प करविला व देशभर त्याची चर्चा झाली. येट्सच्या प्रतिभेस उत्तरवयांत बहर आला खरा. तो शस्त्राचा कीं श्रद्धेचा हें सांगणें कठीण आहे. व्होरोनॉफच्या माकडांचा जीव मात्र हकनाक गेला, यांत संशय नाहीं. पुराणकार या बाबतींत आमच्यापेक्षां अधिक सावध होते. ययातीस तारुण्य आकाशांतून मिळालें नाहीं; पुरूनें आपलें दिलें तेव्हां मिळालें. त्या कथेंत किंमत भरणारा निदान पुत्र होता. येथें किंमत भरते ती जिला पुत्र नाहीं ती.

आणि ती किंमत कोणाच्या खिशांतून जाते याचाही विचार व्हावा. 2025-26 च्या हंगामांत सोयाबीनचा सरकारी आधारभाव क्विंटलास 5,328 रुपये ठरला, आणि तोही बाजारांत हातांत पडेलच असा भरंवसा नाहीं. कोरडवाहू तीन-चार एकरांच्या धन्यास अशा एका टोंचणीसाठीं किती क्विंटल तोलावे लागतात, याचा हिशेब शहरांतील केंद्राच्या गार खोलींत बसून होत नाहीं. पुष्कळदां तो सोनाराच्या दुकानीं होतो, आणि मोडलें जातें तें त्या स्त्रीचेंच मंगळसूत्र.

सोयाबीनचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट बोलून टाकूं. स्त्री हें क्षेत्र व पुरुष हें बीज, अशी उपमा आमच्या स्मृतिकारांनीं रूढ केली. ती आम्हांस मान्य नाहीं. 'स्त्रीबीज' हा शब्द रोज उच्चारणाऱ्या काळास ती मान्य असूंही नये. परंतु वादापुरती ती घेऊं आणि तिच्या शेंवटापर्यंत जाऊं. आमचा शहाणा शेतकरी घरचें सोयाबीन पेरण्यापूर्वीं ओल्या गोणपाटावर 100 दाणे मांडून उगवण मोजतो. 70 उगवले तर बियाणें पेरण्याजोगें, कमी उगवले तर बियाण्याचा दोष. 2020 च्या खरिपांत ठिकठिकाणीं सोयाबीन उगवलें नाहीं, तेव्हां महाराष्ट्रभर तक्रारी झाल्या, अधिकाऱ्यांनीं बांधावर जाऊन पंचनामे केले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलें. त्या वेळीं जमिनीस वांझ म्हणून कोणी हिणविलें नाहीं. सर्वांनीं पहिल्यानें बियाण्याची पिशवी मागितली. मग हीच अक्कल घरांत शिरतांना उंबऱ्याशीं कां अडखळते? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्यांत दोषाचा सर्व अथवा कांहीं भाग पुरुषाकडे असतो, आणि त्याची पहिली तपासणी ही साऱ्या तपासण्यांत अतिशय सोपी, स्वस्त आणि सुईवांचून होणारी आहे. असें असतां सुनेच्या अंगाऱ्याधुपाऱ्यांत, ताइतांत, नवसांत चार वर्षें जातात; पुढें तिच्याच रक्ताच्या, तिच्याच नळ्यांच्या, तिच्याच अंडाशयांच्या चांचण्या होतात; आणि नवरा मोटारसायकलीवर बाहेर बसून राहतो. नवीन शब्द आला म्हणून जुना न्याय बदलत नाहीं. पूर्वीं कूस उजवत नाहीं म्हणत, आतां अंडाशय म्हातारा झाला म्हणतात. दोष तिच्याच पदरीं. पस्तिशीच्या आंतल्या स्त्रीच्या अवयवास 'म्हातारा' ठरवून त्यास 'तरुण' करण्याची बोली लावणें, यांत उपचार किती व अपमान किती, हें वाचकांनींच ठरवावें.

या व्यवहाराचे कैवारी आम्हांस म्हणतील, 'रक्त तिचेंच, तिलाच परत दिलें. यांत नुकसान काय?' नुकसान आहे. सुई जेथें शिरते तेथें रक्तस्राव व पू होण्याचा धोका थोडा कां होईना असतोच. पण तो आम्ही बाजूस ठेवितों. खरें नुकसान काळाचें आहे. अडतिसाव्या वर्षीं ज्या स्त्रीजवळ सहा-आठ महिनेच मोलाचे उरले आहेत, ते 'टोंचणीचा गुण येऊं द्या' म्हणून वाट पाहण्यांत गेले, तर ते कोणत्या यंत्रांत फिरवून परत मिळणार? आणि चाळिशीपूर्वीं जिचे अंडाशय थांबले, तिचा प्रश्न केवळ मुलाचा नसतो. शरीरांतील इस्ट्रोजेन आटल्यामुळें तिचीं हाडें ठिसूळ होतात, हृदयाच्या विकाराचा संभव वाढतो. म्हणून रजोनिवृत्तीच्या स्वाभाविक वयापर्यंत तिला संप्रेरकांचा साधा, परवडण्याजोगा पुरवठा करावा, असें वैद्यक सांगतें. पुनर्यौवनाच्या मागें लागलेल्या किती जणींस हें कोणीं सांगितलें असेल? ज्याची जाहिरात होत नाहीं तें औषध, आणि ज्याची होते तो प्रयोग, अशी ही उलटी तऱ्हा आहे.

'पण आशा तरी ठेवूं द्या,' असा दुसरा कैवार. तो अधिक नाजुक आहे, कारण तो पुष्कळदां त्या स्त्रियांच्याच तोंडून येतो. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. सासरच्या अंगणांत जिला हळदीकुंकवास बोलावतांना आवाज खालीं येतो, बारशाच्या पाळण्याजवळ जिला जाऊं देत नाहींत, तिनें बुडतांना काडीचा आधार घेतला तर तिला हंसणारा मनुष्य पाषाणहृदयी म्हटला पाहिजे. परंतु बुडणाराच्या हातीं काडी देऊन नावेचें भाडें घेणारास काय म्हणावें? आशा विकत घेणें व आशा विकणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

'प्रयोग केल्यावांचून शास्त्र कसें वाढणार?' या तिसऱ्या आक्षेपाशीं मात्र आमचें पूर्ण ऐकमत्य आहे, आणि आमचें सारें म्हणणें तेथेंच येऊन ठेपतें. प्रयोग अवश्य करा. पण प्रयोगाचे नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें 2017 मध्यें नैतिक मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं आहेत. संशोधनासाठीं म्हणून जो जादा खर्च होतो तो संशोधनांत भाग घेणाऱ्याकडून घेऊं नये, त्यास धोके समजावून लेखी संमति घ्यावी, नीतिसमितीची परवानगी घ्यावी, इजा झाल्यास भरपाई द्यावी, असें त्यांत आहे. प्रयोगाची नोंद करण्यासाठीं राष्ट्रीय नोंदवही 2007 पासून चालू आहे. म्हणजे ज्या उपचाराचा गुण ठरलेला नाहीं तो देणारानें स्वतःच्या पदरास खार लावून द्यावयाचा असतो. आतां केंद्रांची चतुराई पाहा. पुरावा विचारला कीं 'हें अजून संशोधनाच्या अवस्थेंत आहे' असें उत्तर मिळतें. बिल करतांना मात्र तोच प्रकार 'उपचार' होऊन बसतो. सिद्ध उपचार असेल तर पुरावा दाखवा. प्रयोग असेल तर पैसे परत करा. दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभें राहण्याची मुभा आम्ही पाणाड्यासही देत नाहीं, कारण तो निदान शास्त्राचें नांव घेत नाहीं.

कायदा नाहीं असेंही नाहीं. आक्षेपार्ह जाहिरातींविषयींचा 1954 चा कायदा ज्या विकारांवरील औषधांची जाहिरात करण्यास मनाई करितो, त्यांच्या परिशिष्टांत 'स्त्रियांचें वंध्यत्व' हें स्पष्ट लिहिलेलें आहे. डॉक्टरानें जाहिरातीनें रोगी ओढूं नयेत, असें वैद्यक परिषदेचे 2002 चे आचारनियम सांगतात. 2021 च्या साहाय्यित प्रजननाच्या कायद्यानें केंद्रांची नोंदणी सक्तीची केली, स्त्रीस 50 व पुरुषास 55 ही वयोमर्यादा घातली, बीजदान करणारी स्त्री 23 ते 35 वर्षांची असावी व तिनें तें आयुष्यांत एकदांच करावें असें ठरविलें. प्लाझ्माची टोंचणी औषध कीं शस्त्रकर्म, असा काथ्याकूट वकील मंडळी खुशाल करोत. भिंतीवरचा फलक वाचण्यास वकील लागत नाहीं.

आम्ही शास्त्राचे शत्रु नाहीं, हें वेगळें सांगण्याची गरज पडूं नये. कर्करोगाच्या उपचारापूर्वीं काढून गोठविलेला अंडाशयाचा तुकडा पुन्हां त्याच स्त्रीच्या शरीरांत बसविल्यावर तिला मूल झाल्याचें बेल्जममधील डॉनेझ यांनीं 2004 मध्यें प्रसिद्ध केलें. त्यास कोणीं पुनर्यौवन म्हटलें तर आम्ही मुकाट्यानें मान लववूं. 1986 च्या ऑगस्टांत मुंबईस डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून शरीराबाहेर फलित झालेल्या बीजाचें मूल जन्मलें, तें कोणा आलिशान केंद्रांत नव्हे, तर केईएम या महानगरपालिकेच्या रुग्णालयांत. हा इतिहास महाराष्ट्र विसरला आणि गोव्यानें आठवणींत ठेविला. बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत 2023 मध्यें हे उपचार विनामूल्य देण्यास आरंभ झाला.

वाशीम येथें 2024 मध्यें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. तेथें उद्यांच प्रयोगशाळेंत मुलें जन्मास घाला, असें आमचें मागणें नाहीं. यंत्रें येण्यास वेळ लागेल, माणसें येण्यास त्याहून अधिक. पण आठवड्यांतून एक दिवस मूल न होणाऱ्या जोडप्यांसाठीं बाह्यरुग्ण विभाग उघडण्यास कोणतें यंत्र लागतें? तेथें थायरॉइड पाहावें, नळ्यांतील क्षयाची शंका घ्यावी (आमच्या देशांत ती घेतलीच पाहिजे), वयाचा खरा हिशेब न लाजतां सांगावा, दुसऱ्या स्त्रीच्या बीजाचा व दत्तकाचा मार्ग समजावून द्यावा, आणि शहरांतून आणलेल्या कागदांचा अर्थ मराठींत वाचून दाखवावा. एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून असावा. केसपेपर एकट्या स्त्रीच्या नांवानें काढूं नये. त्यावर नवराबायको दोघांचीं नांवें असावीं, आणि नवरा आला नसेल तर स्त्रीची तपासणी न अडवितां त्याच्या नांवापुढें ठळक अक्षरांत 'तपासणी बाकी' असें लिहावें. तो कागद सासूबाईंनीं वाचावा अशा बेतानें घरीं पाठवावा.